जुनी बाजू

"ताई, जरा मान वळवा," मॅडम म्हणाल्या.

तिने मान वळवली. उजवा गाल पुढे आला.

"ही नवी बाजू. आता इकडे."

तिने मान उलटी फिरवली.

"आणि ही जुनी."

समोरची बाई खुर्चीतून अर्धी उठली. ना विचारलं ना सवरलं, काउंटरवरून हात लांबवून तिने त्या जुन्या गालावर बोट ठेवलं आणि नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची खोल घडी चाचपून बघितली. पडद्याच्या कापडाचा पोत बघावा तशी.

"अगं बाई! एकाच तोंडावर?"

"म्हणून तर पटतं," मॅडम म्हणाल्या. "फोटोवर लोकांचा विश्वास नसतो. उजेड वेगळा, मेकअप वेगळा, शंभर शंका. इथे काय शंका काढणार? बाई तीच, उजेड तोच."

"दुखतं का हो?" बाईने विचारलं. पण विचारलं ते मॅडमना. जिच्या गालावर बोट होतं तिला नाही.

"मुळीच नाही," मॅडमनी सांगून टाकलं.

रंगाच्या दुकानात एक भिंत अर्धी रंगवून ठेवतात आणि अर्धी तशीच, पोपडे आलेली. गिऱ्हाईक बघतं, मान डोलावतं, डबे उचलतं. भिंतीला कोणी काही विचारत नाही. इथल्या भिंतीला पगार होता, एवढाच काय तो फरक.

ती त्या दवाखान्यात काउंटरवर बसायची. फोन घ्यायची, नंबर लावायची, आत कोण गेलं, बाहेर कोण आलं ते बघायची. दवाखाना म्हणायचा, पण आजारी माणूस तिथे कोणी यायचं नाही. यायचे ते आपापलं वय घेऊन. कपाळावरच्या रेघा, डोळ्यांखालच्या पिशव्या, गळ्याची सैल कातडी, असं गाठोडं घेऊन यायचे आणि आतल्या खोलीत उतरवून जायचे. अशाच एका निवांत दुपारी मॅडम तिला म्हणाल्या होत्या, "ताई, राग मानू नका, पण तुमच्या नाकाशेजारच्या घड्या फार खोल आहेत हो. येणारं माणूस आधी तुमचं तोंड बघतं. चपला विकणाऱ्याच्याच पायात फाटकी चप्पल, बरं दिसतं का? मी करून देते. तुमच्याकडून काही घेणार नाही."

मग तिला आत निजवून उजव्या गालात सुयांनी जेल भरली. काही महिने टिकते, विरघळते, पुन्हा भरायची. गाल सुजला, उतरला आणि घडी गेली. आरशात बघून तिला आनंद झाला होता. खोटं कशाला बोला, अगदी पोरीसारखा झाला होता.

"आणि दुसरी बाजू?"

"करू की. राहू दे थोडे दिवस. लोकांना दाखवायला बरी पडते."

थोडे दिवस! वरच्याने खालच्याला दिलेले थोडे दिवस किती लांबतात, ते देणाऱ्याला विचारू नये. वर्ष उलटलं. उजव्या गालात दर खेपेला नवी जेल जात होती आणि डावा गाल होता तिथेच होता. मॅडमना तो तसाच हवा होता. डावी बाजू जितकी जुनी दिसेल तितकी उजवी नवी दिसणार, हे हिशेबाचं साधं कलम होतं.

आतल्या खोलीत मॅडमच्या हाताखाली एक सिस्टर होती. तोंडाने फटकळ, मनाने बरी. तिने हिचं नाव 'अर्धी' ठेवलं. "ए अर्धी, चहा अर्धा घेतेस की अख्खा?" हीही हसायची. रस्त्यात मात्र माणसं एकदा बघायची, दोन पावलं पुढे जायची आणि वळून दुसऱ्यांदा बघायची. मुलगी लग्न होऊन परगावी राहत होती. तिने फोनवर आईचं तोंड बघितलं. मग म्हणाली, "आई, तू फोन उजवीकडूनच धरत जा."

तेव्हापासून हिला डावी बाजू भरून हवी होती. माणसाला आपलं तोंड एक असावं असं वाटलं तर त्यात गुन्हा काय?

गाल पडद्याच्या कापडासारखा चाचपणारी ती बाई आत गेली तेव्हा काचेच्या दाराबाहेर हिचा नवरा येऊन उभा राहिला होता. बाजारात निघाला की तो इकडून जायचा. आत यायचा नाही. आत आला की कोणीतरी काहीतरी विचारायचं, आणि त्याला ऐकू यायचं नाही.

त्याचं उभं आयुष्य पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात गेलं होतं, पत्रा ठोकायच्या मशीनवर. आधी मुलीचा आवाज गेला, बारीक होता म्हणून. मग दाराची घंटा गेली. मग सगळंच. निवृत्त झाला त्या दिवशी कारखान्याने त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं, टोले देणारं. देणाऱ्यांच्या अकलेला तोड नाही. कानाचं यंत्र त्याने लावून बघितलं होतं. "यातून परत मशीनच ऐकू येतं," म्हणाला आणि कपाटात टाकून दिलं.

पण तो तिचं तोंड वाचायचा. सगळ्या जगाचं नाही, तिचंच. आणि ती त्याच्याशी बोलताना आवाज काढायचीच नाही, कोणासाठी काढायचा? शेजारपाजारचे म्हणत, नवरा-बायकोचं पटत नाही वाटतं, घरातून कधी शब्द म्हणून ऐकू येत नाही. इकडे ही दोघं दिवसभर बडबडत असायची. खोलीच्या या टोकाहून त्या टोकाला. बसच्या खिडकीतून खाली थांब्यावर. लोकांच्या डोक्यांवरून, लोकांच्याच नावाने.

आताही तो दाराच्या डाव्या अंगाला उभा राहिला. तिथून तिचा डावा गाल दिसायचा.

'आत एक बाई आलीय,' तिने नुसते ओठ हलवले. 'पडद्याच्या दुकानात आल्यासारखी मला चाचपून गेली.'

त्याने पलीकडून ओठ हलवले. 'मीटरने मोजलं का?'

तिला हसू आवरेना. खाली वाकून ड्रॉवर उघडल्याचं सोंग करावं लागलं.

उजवा गाल भरला तेव्हा घरात एक गोष्ट बदलली होती. तो जेवताना तिच्या समोर बसायचा, तो आता खुर्ची उचलून तिच्या डाव्या हाताला बसू लागला. मग एकदा तिनेच विचारलं.

"उजवीकडून तू बातम्या देणाऱ्या बाईसारखी दिसतेस," तो म्हणाला. तो बोलायचा तेव्हा आवाज जरा मोठाच यायचा, मशीनशी झगडत असल्यासारखा. "शब्द दिसतात, पण तू कळत नाहीस. डावीकडे तुझी घडी आहे ना, ती आधी बोलते. मग तू बोलतेस."

'म्हणजे?'

"थट्टा करणार असलीस की ती आधीच खोल जाते. काही विचारायचं असलं की वर चढते. आणि चिडलीस की एकदम सरळ होते, पट्टीने मारल्यासारखी. मग मी म्हणतो, मला ऐकू येत नाही."

तिने त्याच्या दंडावर चापट मारली.

'लबाड!'

"खरं सांगतो. ओठांचं काय, अर्धे शब्द सारखेच दिसतात. बाकीचं मी घडीवरून लावतो."

त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना पेरं नव्हती. ती कशी गेली ते तो कोणाला सांगत नसे. तिला सांगितलं होतं. कान जायला लागले होते, पण कारखान्यात ते कळू द्यायचं नव्हतं. एकदा 'काय' विचारलं तर लोक परत सांगतात. दुसऱ्यांदा विचारलं तर ओरडून सांगतात. तिसऱ्यांदा विचारलं की मूर्ख समजतात. म्हणून तिथले सगळे बहिरे एकच शब्द शिकलेले, 'हो'. कोणीही काहीही विचारलं, की मान हलवायची आणि हो. मुकादमाने एकदा लांबून विचारलं, हात काढलास का? हा म्हणाला, हो. आणि मुकादमाने मशीन सुरू केलं.

"सगळ्या जगाला मी हो म्हणतो," तो तिला म्हणाला होता. "तुला नाही म्हणणार. तुला मी शंभरदा 'काय' विचारीन. कंटाळलीस तर मार."

ती कधी कंटाळली नव्हती.

मग तो कंपनीवाला आला. गुळगुळीत बूट, गुळगुळीत जीभ. त्याने मॅडमच्या टेबलावर एक लांबट, पांढरी, मऊ पट्टी ठेवली, बुटाच्या नाडीएवढी. नाकाशेजारी आणि ओठापाशी छोटा छेद द्यायचा, कातडीखालून घडीच्या आत ही सरकवायची. जेल विरघळते, ही विरघळत नाही. जन्माची. ठरलं असं, की बाहेरगावचे डॉक्टर शिकायला येणार, आणि मॅडम त्यांच्यासमोर ती पट्टी घालून दाखवणार. कोणाच्या गालात, ते विचारायची गरज नव्हती. उजवीकडे जेल, डावीकडे पट्टी, एकाच तोंडावर दोन्ही माल.

"बघा ताई," मॅडम म्हणाल्या, "तुमच्या मनासारखं झालं."

तिने घरी सांगितलं. तो हसला.

"आजार म्हशीला नि इंजेक्शन पखालीला! कान माझे गेले, आणि सुया तुला टोचतायत." मग हसायचा थांबला. "तुला हवं आहे का?"

'लोक बघतात हो.'

"मग कर. मी शिकेन नवीन. या वयात दुसरं काम काय आहे मला?"

असं म्हणून तो ताटाकडे बघत राहिला. ताटाकडे बघणारा बहिरा म्हणजे दार लावून घेतलेला माणूस. ती आपल्या डाव्या हातालगतच्या त्याच्या खुर्चीकडे, त्या खुर्चीच्या पायांनी फरशीवर पाडलेल्या ओरखड्यांकडे बघत बसली, आणि तिने ठरवलं. नाही करायचं. राहू दे तोंड अर्धं. बघेनात का लोक.

ठरलेल्या दिवशी ती मॅडमना बाहेर वऱ्हांड्यातच गाठायला गेली.

"मॅडम, एक बोलायचं होतं. डावी बाजू राहू द्या. आमच्या यांना ऐकू येत नाही, ते माझं तोंड बघून..."

"ताई!" मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आज? लोक आत येऊन बसलेत. आणि तुम्हीच ना माझ्या मागे लागला होतात, दुसरी कधी करता म्हणून?"

लागली होती. ते खोटं नव्हतं.

"नंतर काढता येते ना?" तिने विचारलं.

"येते की. महिना-दोन महिन्यांत सहज निघते. नंतर मांस धरतं, मग काढायची म्हणजे गाल फाडणं आलं. पण तुम्ही कशाला काढाल? वेड लागलंय का? चला, वाट बघतायत."

आत टोप्या आणि मुखपट्ट्या घातलेली माणसं गोल उभी होती. नुसते डोळेच डोळे. कंपनीवाला कॅमेरा लावत होता. तिला निजवलं, दिवा तोंडावर ओढला. मॅडम बोलू लागल्या, भराभर, परक्या भाषेत, आणि ते सगळे तिच्या गालाकडे बघून माना हलवू लागले. ती मध्ये निजलेली आणि तिला एक अक्षर कळत नव्हतं. मग मॅडमनी खाली वाकून, सगळ्यांना ऐकू जाईल असं गोड विचारलं, "काय ताई, तयार ना?"

सगळे डोळे तिच्यावर आले.

"हो," ती म्हणाली.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा डावा गाल लाल आणि टरारलेला होता. दोन्ही बाजू जुळाव्यात म्हणून मॅडमनी ओठांच्या कोपऱ्यांतही जेल भरली होती. त्याने दार उघडलं, बघितलं.

"काय गं, कोणाच्या तावडीत सापडलीस?"

तिने सांगायचा प्रयत्न केला. बधिर ओठ एकमेकांवर नुसते आपटत होते.

"काय?" तो म्हणाला. "राहू दे. उद्या सांग. सूज उतरू दे."

सूज उतरली. गाल सारखे झाले, गुळगुळीत, शेजारी शेजारी ठेवलेल्या बशांसारखे. पण आतली पट्टी घडीला हलू देत नव्हती. काउंटरवर येणारे वाहवा करू लागले. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, काय दिसतेस गं! आता हवा तिकडून फोन धर." सिस्टर म्हणाली, "पंचाईत झाली बाई. आता तुला अर्धी म्हणता येत नाही. अख्खीला काय नाव ठेवू?"

घरात मात्र 'काय' सुरू झालं.

त्याने खुर्ची डावीकडे ठेवून बघितली. मग उजवीकडे. मग समोर, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल अशी. "काय?" "परत." "मागचा शब्द." ती हळू बोलू लागली, एकेक अक्षर तोंड वासून, तर तो भडकला. "पाळण्यातल्या पोराशी बोलल्यासारखं नको बोलूस!" मुलीने सुचवलं, फोनवर लिहून दाखवत जा, बाबांना वाचता येतं ना? तिने दोन दिवस तसं केलं. भाजी काय आणू, दिवा बंद करा, असलं सगळं त्यात मावायचं. पण पडद्याच्या दुकानातल्या बाईची गोष्ट त्यात मावत नव्हती. ती लिहून दाखवली की तो वाचायचा, आणि हसू यायचं ते उशिरा आणि उगीच.

तिसऱ्या दिवशी त्याने फोन बाजूला सारला. "मला तुझ्याशी बोलायचं आहे. तुझं लिहिलेलं वाचायचं नाही."

आणि एकदा तर त्याने, रागाने नव्हे, कुतूहलाने, तिची हनुवटी धरून तोंड दिव्याकडे फिरवलं. बराच वेळ बघितलं. मॅडमचं गिऱ्हाईक बघतं तसं नाही. ओळखीचं घर पाडून तिथे नवी इमारत उभी राहिली की जुना भाडेकरू रस्त्यात उभा राहून बघतो, तसं.

"तू आत्ता चिडली आहेस का?" त्याने विचारलं.

ती चिडली नव्हती. ती रडू आवरत होती.

दुसऱ्या दिवशी ती मॅडमसमोर जाऊन उभी राहिली. पट्टी काढा म्हणाली. मॅडम आधी हसल्या, मग समजावलं, मग त्यांचा आवाज चढला. कंपनीचे पुढचे फोटो व्हायचे होते. इतकं सुंदर बसलंय आणि हिला काढायचंय! घरच्या माणसाने बायकोचं कौतुक करायचं सोडून हे काय खूळ? पण ही दारातून हलेना. शेवटी मॅडम म्हणाल्या, "शनिवारी या. काढून टाकते. मग मात्र मला म्हणू नका."

बाहेर सिस्टरने तिला जिन्यात ओढलं. "नीट विचार कर हं. काढताना परत चिरतात, घालताना चिरलं त्याहून जास्त. ओठाचा कोपरा ओढल्यासारखा राहिला तर राहिला. मी बघितलंय एकीचं."

"राहू दे राहिला तर."

"नवऱ्याला सांगितलंस?"

त्या संध्याकाळी तिने त्याला सांगितलं. तोंडाने सांगून तीनदा झालं, कळेना. मग फोन घेतला आणि लिहिलं, 'शनिवारी पट्टी काढणार. परत चिरावं लागेल.' त्याने वाचलं. पुन्हा वाचलं.

"कुठे चिरतील?"

तिने बोटाने गालावर रेघ ओढून दाखवली, नाकापासून ओठापर्यंत.

तो डाव्या हाताने उजव्या हाताची ती पेरं नसलेली दोन बोटं चोळत बसला.

आणि सकाळी चमत्कार झाला. चहा ओतताना तिने सवयीने ओठ हलवले, 'साखर संपत आलीय, आज आणायला हवी.'

"हो," तो म्हणाला.

तिच्या हातातली किटली थांबली. तिने वळून बघितलं.

'कळलं तुम्हाला?'

"हो की. न कळायला काय झालं? तोंड तेच आहे. मलाच घाई झाली होती. जरा लक्ष द्यावं लागतं, एवढंच." त्याने चहाचा घोट घेतला. "जमायला लागलं मला आता. उगीच कापाकापी करून घेऊ नकोस."

आणि दुपारी तो साखर घेऊन आला. सकाळी साखरेच्या डब्याचं झाकण उघडंच होतं, तळ दिसत होता. पण हे तिच्या मनातही आलं नाही. सुखात माणूस पुरावे तपासत नाही. दुसऱ्या दिवशीही तो एकदाही 'काय' म्हणाला नाही. ती बोलायची, तो तिच्या तोंडाकडे लक्ष लावून बघायचा आणि मान हलवायचा. "हो." "बरोबर आहे." "बघू." ती इतक्या दिवसांची तुंबलेली बोलत सुटली. सिस्टरची थट्टा, कंपनीवाल्याचे बूट, मुलीच्या सासूचं दुखणं. तो हसायचा, ती हसली की. त्याने खुर्ची परत डाव्या हाताला नेऊन ठेवली.

शनिवारी ती आत गेली ती नुसती सांगायला. "मॅडम, राहू द्या. जमलं यांना."

"बघा!" मॅडम म्हणाल्या. "मी म्हटलं नव्हतं? माणसाला सुंदर गोष्टीची सवय व्हायला वेळ लागतो." आणि फोटोसाठी तिला दिव्याखाली बसवलं. एक डावीकडून, एक उजवीकडून, एक हसून. हसून काढलेला फोटो त्यांना आवडला नाही. म्हणाल्या, "हसू नका ताई, तसंच छान दिसतं."

दिवस गेले. मांस धरायची मुदत येऊन गेली, ती कोणी मोजली नाही.

एका दुपारी दवाखान्यात नवं गिऱ्हाईक बसलेलं होतं, नवरा-बायको दोघंही, एकमेकांकडे न बघता मासिक चाळत. काचेच्या दाराबाहेर तो येऊन उभा राहिला, हातात रिकामी पिशवी. बाजारात निघालेला. दाराच्या डाव्या अंगाला, नेहमीच्या जागी.

तिला बरं वाटलं. तिने ओठ हलवले, 'किल्ली तुमच्याजवळ आहे की शेजारी ठेवलीत?'

तो हसला. मान हलवली. 'हो.'

काचेवर ऊन होतं. तिला वाटलं, चकाकीमुळे दिसलं नसेल. ती खुर्ची सरकवून सावलीत आली. हळू, नीट विचारलं, 'मुलीचा फोन येणार होता. आला तर तिला काय सांगणार आहात?'

तो लक्ष लावून बघत होता. पेरांविना बोटं पिशवीच्या बंदावर घट्ट. ओठ मिटेपर्यंत थांबला, आणि मग मान हलवली. 'हो.' अगदी मायेने म्हणाला.

मागचे सगळे दिवस तिला एकदम उलटे दिसले. साखरेचा उघडा डबा. "बरोबर आहे." "बघू." ती हसली की हसणं. त्या दिवसांत त्याने आपणहून एक थट्टा केली नव्हती. मीटरने मोजलं का, असलं एकही वाक्य नाही. आणि ती बोटाने गालावर ओढून दाखवलेली रेघ.

तिने काचेकडे तोंड केलं. आवाज तर कधीच नसायचा. या वेळी ओठही जेमतेम हलले.

'तुम्हाला माझं काहीच कळत नाही. ना?'

त्याने तिचं वाक्य संपेपर्यंत वाट बघितली. वाक्य संपलं असं वाटल्यावर तो हसला आणि दोनदा मान हलवली. हो. हो.

गालाच्या आत ती पट्टी होती तिथेच होती. तिच्या तोंडावर काही उमटलं असेल नसेल, ते वाचायला कोणी उरलं नव्हतं. मागून मॅडमचा आवाज आला, "ताई, जरा इकडे मान वळवा, यांना दाखवायचं आहे." तिने वळवली नाही. आधी तिने बाहेर बघितलं आणि मान हलवली. वरून खाली, नीट, त्याला दिसेल अशी.

हो.

तेवढं त्याला कळलं. त्याचे खांदे सैल झाले. त्याने रिकामी पिशवी वर करून दाखवली, निघालो म्हणून, आणि तो निघाला.